पालथी बसली

घाटकोपरच्या भटवाडीत बाळा तुळसकरांना लोक ओळखत ते त्यांनी काटे काढलेल्या माशासाठी. नोकरी कुठे करतात, काय करतात, हे फार कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची घाईही नव्हती. पण कुणाच्या घरी पाहुणे आले आणि नेमके पेडवे आणले गेले, तर जेवताना हमखास कुणीतरी म्हणायचं, "बाळाभाऊ पंगतीला असते तर बरं झालं असतं."

पेडवे ज्यांनी खाल्लेत त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. इतरांसाठी एवढंच, की बोटभर लांबीचा हा मासा म्हणजे काट्यांचं गाठोडं असतं. चवीला असा झकास की सोडवत नाही, आणि काटे असे की मालवणी घरातली जन्मापासून भांडणारी माणसंसुद्धा पेडवे खाताना गप्प होतात. बाळाभाऊ दोन बोटांनी त्याचं पोट उकलत, मधला काटा शेपटीकडून धरत आणि अलगद उचलत. अख्खी फणी वर यायची, मांस ताटातच राहायचं. मग उरायचे बारीक काटे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना कळावे लागतात. लग्न ठरायच्या आधी प्रेमाच्या घरी ते जेवायला गेले, तेव्हा शेजारी बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या आजोबांचे काटे त्यांनी न सांगता काढून दिले. त्यानंतर मुलगा किती शिकलाय, हे विचारायचं त्या घरातल्यांच्या डोक्यातून साफ निघून गेलं.

अलीकडे त्यांच्या हातून काटे काढून घ्यायचा मान एकट्या आईचा होता. नव्वदीला टेकलेली आई, डोळ्यांना अंधुक दिसायचं, पण पेडव्यांचा वास तिला खालच्या मजल्यावरूनही यायचा. ताट पुढे आलं की भाताला हात लावण्याआधी ती विचारायची, "बाळान काढल्यान मा काटे?" हो म्हटलं की डोळे मिटून जेवायची. काटा लागेल ही धास्ती नसलेलं माणूस किती सुखानं मासा खातं, ते बघायला बाळाभाऊ समोर बसून राहायचे.

त्यांची नोकरी होती एका प्रयोगशाळेत. पण वडील गिरणीत होते, त्यामुळे घरात कामाच्या जागेला कंपनीच म्हणायची पद्धत. या कंपनीत अणुभट्टीतल्या इंधनाच्या नळ्या तपासायला येत. इंधनाच्या गोळ्या धातूच्या बारीक नळ्यांत भरलेल्या असतात. त्या नळ्या काही वर्षं भट्टीत राहून बाहेर आल्या की बाहेरून काळवंडलेल्या असतात, आणि आतून किती दमल्यात ते वरून कळत नाही. ते शोधून काढायचं. आता नळीचा तुकडा जितका मोठा तितके त्यातून निघणारे किरण जास्त, आणि असल्या नळ्या काही बाजारात किलोवर मिळत नाहीत. म्हणून नळीतून अगदी इवलीशी चकती कापायची, एका भोकाच्या काठावर बसवायची आणि वरून बारीकशी टणक गोळी दाबत न्यायची, चकती फाटेपर्यंत. किती जोर लागला, फाटण्याआधी चकती किती ताणली गेली, त्यावरून त्या नळीची उरलेली ताकद सांगायची.

या चकतीला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. बाळाभाऊंनी पहिल्यांदा ती बघितली आणि म्हणाले, "ही तर टिकली." तेव्हापासून सगळे टिकलीच म्हणायला लागले. मोठे साहेब लोकसुद्धा मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्यानं "आपल्याकडे टिकल्या किती उरल्यात?" असं विचारत.

टिकलीला हात लावायची सोय नव्हती. ती असायची जाड भिंतीपलीकडच्या बंद खोलीत, जिला हॉट सेल म्हणत. "गरम होत नाही का हो तुम्हाला?" असं प्रेमानं एकदा विचारलं होतं आणि बाळाभाऊंनी वर्षभर त्यावरून तिची चेष्टा केली होती. भिंतीत शिशाच्या काचेची पिवळसर खिडकी. खिडकीच्या अलीकडे बाळाभाऊ, त्यांच्या मुठीत दोन दांडे, आणि पलीकडे त्या दांड्यांच्या तालावर चालणारे दोन यांत्रिक हात, टोकाला सांडशीसारखी पकड. त्या सांडशीत चिमटा, चिमट्यात टिकली. सवयीनं बाळाभाऊ घरीसुद्धा तसेच वागत. चहाचा कप पुढे केला तर लगेच घेत नसत. आधी हात कपाच्या रेषेत आणत, क्षणभर थांबत, मग घेत. प्रेमा वैतागायची. "कप हा तो, भट्टीतून नाय आणलाय मी!"

नळी गोल, त्यामुळे टिकलीलाही किंचित पोट असायचं. नळीची बाहेरची काळी बाजू म्हणजे पोट, आतली चकचकीत बाजू म्हणजे खळगा. नियम असा, की काळं पोट खाली आणि खळगा वर, जेवणाच्या ताटात वाटी ठेवतो तशी उताणी. मग गोळी खळग्यात उतरते आणि खालची काळी साल ताणली जाते. ठिसूळपणा त्या सालीतच असतो. टिकली उलटी पडली तर ताण चांगल्या बाजूवर येतो, आणि टिकली उगाच भक्कम ठरते. दुसरा नियम, टिकली एकदा बसली की वरिष्ठांना विचारल्याशिवाय तिला पुन्हा चिमटा लावायचा नाही, कारण ओरखडा पडला तर ती वायाच. म्हणून नीट बसली की बाळाभाऊ माइकवर म्हणत, "बसली." उलटी पडली की म्हणत, "पालथी बसली." मशीनपाशी बसलेल्या साहेबांचा आवाज यायचा, "उलटवा." बाळाभाऊ उलटवत. वर्षानुवर्षं या एवढ्याशा बोलण्यावर कंपनीचं काम सुरळीत चाललं होतं.

मग जुने साहेब बदलून गेले आणि त्यांच्या जागी ऋता दामले आली. मुलुंडची म्हणायची, पण वडिलांची बँकेतली नोकरी, त्यामुळे सगळं लहानपण आणि शाळा भोपाळला. घरात मराठी होतं, आणि ते चांगलंही होतं, फक्त मधूनमधून हिंदीवरून वळसा घेऊन यायचं. "बाळाकाका, मी पाच मिनिटांत येऊन राहिले," असं ती फोनवर म्हणायची आणि बाळाभाऊंना कळायचं नाही, की ही येणार आहे की राहणार आहे. हुशार होती, हसरी होती, आणि मशीन नीट चाललं की काचेला टाळी द्यायची. "तुमचे हात म्हणजे ना काका, यार, कमाल!" काका आणि यार एका दमात ऐकायची बाळाभाऊंना सवय नव्हती, पण आवडायचं. दामल्यांच्या या मुलीनं आयुष्यातला पहिला मासा खाल्ला तो बाळाभाऊंच्या डब्यातला. घरी तिनं अजून ते सांगितलेलं नाही.

त्या पावसाळ्यानंतर एक खास नळी आली. नेहमीपेक्षा जास्त काळ भट्टीत राहिलेली. ती अजून धडधाकट निघाली तर पुढच्या नळ्याही तितका काळ ठेवता येणार होत्या, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. टिकल्या निघाल्या मोजक्याच. त्यात किरणांनी आतला कॅमेरा आंधळा झालेला, नवा यायचा होता. टिकली कशी बसली हे भिंगातून एकट्या बाळाभाऊंना दिसायचं, आणि ते सांगतील ते ऋतानं ऐकायचं.

"बसली."

"ओके, चालू करते."

पुढची टिकली चिमट्यातून सुटताना गिरकी घेऊन पडली. बाळाभाऊ म्हणाले, "मॅडम, पालथी बसली."

"वा, मस्त! राहू द्या तशीच. चालू करते."

बाळाभाऊ जरा थबकले. पण नवी नळी, नवे साहेब. यांना दोन्ही बाजू बघायच्या असतील, असं म्हणून त्यांनी हात मागे घेतला. पुढेही जेव्हा जेव्हा टिकली उलटी पडली, तेव्हा तेव्हा ऋता खूश होऊन म्हणाली, "वा!" आपल्या कामावर एवढं खूश होणारं माणूस बाळाभाऊंना फार वर्षांत भेटलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही.

निकाल आले ते असे, की एकाच नळीच्या सख्ख्या बहिणी, पण काही टिकल्या चटकन फाटलेल्या आणि काही भलत्याच भक्कम. आलेखावर दोन वेगळे घोळके. मशीन तपासलं, दाबायची गोळी बदलून बघितली, हिशेब पुन्हा केले. सगळं ठीक होतं. मग उरले ते हात.

विभागाचे प्रमुख देवदत्त सर वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगायला हवं. त्यांनी बाळाभाऊंना खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. बाळाभाऊ आणि ते एकाच काळात कंपनीत लागलेले, फक्त जिने वेगवेगळे चढलेले.

"तुळसकर, हातांचंही वय होतं हो," सर म्हणाले. "माझं बघा, चष्म्याशिवाय घड्याळ दिसत नाही. टिकली थोडी जरी तिरकी बसली तरी असे निकाल येतात. तुमच्यावर ठपका नाही. पण शेवटची एकच टिकली उरलीय. थोडा सराव झाला की ती आपल्या तरुण नितेशला करू दे. तुम्ही आता निवृत्तीपर्यंत टेबलावर बसा, नव्या लोकांना शिकवा."

रागावून बोलले असते तर बाळाभाऊंनी उत्तर दिलं असतं. इतक्या मायेनं बोलल्यावर काय बोलणार? "बरोबर आहे सर," ते म्हणाले. चहाचा कप उचलताना त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि बघितलं म्हणून की काय, बशीत थोडा चहा सांडला. सरांनीही तो बघितला आणि नजर दुसरीकडे वळवली.

तेव्हापासून बाळाभाऊ आपल्या हातांवर पाळत ठेवू लागले. शर्टाचं बटण लावताना, दाराला किल्ली लावताना, सुईत दोरा ओवताना. थरथर शोधायला बसलं की ती सापडतेच. आपले हात गेले, अशी त्यांची खात्री झाली, आणि त्या खात्रीनं ते आतून पार खचले. घरी कुणाला काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या खेपेला पेडवे आले तेव्हा ताट प्रेमाकडे सरकवून म्हणाले, "आयेचे काटे आज तू काढ."

"का हो?"

"काढ म्हटलंय ना."

प्रेमानं काढले. तिचाही हात काही वाईट नव्हता. आईनं नेहमीसारखं विचारलं, "बाळान काढल्यान मा?" प्रेमा म्हणाली, "हो आई." आई जेवली. कुरकुर नाही, ठसका नाही. जेवण झाल्यावर बाळाभाऊ ताट उचलायला गेले, तर सोलकढीची वाटी ताटात पालथी घातलेली. वाटी उचलली तर खाली काटे, एकाशेजारी एक, नीट ठेवलेले. सुनेला वाईट वाटू नये म्हणून म्हातारीनं जिभेनं शोधून काढलेला एकेक काटा वाटीखाली लपवला होता. बाळाभाऊंनी वाटी परत तशीच ठेवली आणि ताट स्वतः घासलं.

त्याच्या पुढच्या वेळी आईनं प्रश्नही विचारला नाही. "माका मासो नको गो. सार-भात पुरे," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी बाळाभाऊंना जेवण गेलं नाही. टेबलावर बसवलं, टिकली हातातून गेली, तेवढं त्यांनी सोसलं होतं. पण आईनं पेडवा नको म्हणावं हे त्यांना सोसवेना. संध्याकाळी प्रेमानं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. प्रेमा उसळली.

"हात थरथरतात? कोण म्हणतो? काल मिक्सरचं झाकण बसत नव्हतं, ते कोणी बसवलं?"

"झाकण म्हणजे टिकली नव्हे गो."

"मग टिकली आणते, बसवून दाखवा माझ्या कपाळावर!"

ते हसले नाहीत. प्रेमाला खरी काळजी वाटली ती तेव्हा.

तर अशा वातावरणात सोसायटीच्या गच्चीवर बायकांचा योगवर्ग सुरू झाला. शिकवायला शुक्ला मॅडम, मूळच्या लखनौच्या, आवाजात साखर. पहिल्या सकाळी प्रेमा चटई घेऊन गेली आणि परत आली ती दारातच भिंतीला धरून हसत. बाळाभाऊ कंपनीची बस पकडायला निघायच्या तयारीत होते.

"काय झालं ते तरी सांगशील?"

"अवो, ती मॅडम म्हणाली, सब लोग पालथी मारिए," प्रेमा डोळे पुसत म्हणाली. "आम्ही सगळ्या मारली ना! परबकाकू, मी, सावंतांची रुचिरा, सगळ्या धाडकन पोटावर पालथ्या! परबकाकू तर उशी हाय काय विचारतात. आणि गुजराती बायका सगळ्या मांडी घालून आमच्याकडं बघतायत. मॅडम म्हणते, अरे दीदी, आप लोग सो क्यूँ गए?"

बाळाभाऊ हसले. कितीतरी दिवसांनी, पोट धरून, खुर्चीवर बसून हसले. प्रेमाला वाटलं, चला, योगाचा फायदा झाला. आणि मग हसता हसता बाळाभाऊ एकदम थांबले.

"म्हणजे हिंदीत पालथी म्हणजे..."

"मांडी वो. मांडी घालून नीट बसायचं. आम्हाला काय म्हायत?"

"नीट बसायचं," बाळाभाऊ म्हणाले. त्यांना माइकवरचा आवाज ऐकू येत होता. पालथी बसली. वा, मस्त! त्या पोरीला वाटत होतं की टिकली नुसती बसलेली नाही, तर चांगली मांडी ठोकून ऐसपैस बसलीय.

त्यांची बस त्या दिवशी चुकली. हात चांगले असल्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट ध्यानात आली. ऋताची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. खास नळीच्या टिकल्या वाया गेल्या त्या तिच्या एका शब्दापायी, असं झालं तर? आणि वाया गेल्या त्यात आपलाही हात होताच. पालथी टिकली उलटवायची असते हे तिच्यापेक्षा आपल्याला जास्त वर्षं ठाऊक. एकदा नुसतं विचारलं असतं, उलटवू का, तर एवढं रामायण झालं नसतं. पण कुणी वा म्हणत होतं आणि ते ऐकायला गोड लागत होतं.

"गप राहतो," ते प्रेमाला म्हणाले. "माझं काय, थोडे महिने उरलेत. तिचं सगळं आयुष्य पडलंय. आणि आता सांगितलं तर म्हातारा सबब शोधतोय असंच वाटेल."

प्रेमानं चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. "राहा गप. पण आईंना तुम्ही सांगा, की तुमचा मुलगा आता काटे काढणार नाय. मी नाय सांगणार."

दुपारी कँटीनमध्ये बाळाभाऊ ऋतासमोर जाऊन बसले. हल्ली ती त्यांच्याशी बोलताना जपून बोलायची; त्यांना हलवल्याचं तिलाच जास्त लागलं होतं.

"ऋता मॅडम, एक विचारू? पालथी म्हणजे काय?"

"पालथी?" ती हसली. सँडल काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि कँटीनच्या त्या अरुंद खुर्चीवर मांडी घालून बसली. "ही. का?"

बाळाभाऊंनी डाळीची रिकामी वाटी उचलली आणि ताटात उपडी घातली. "आमच्याकडे ही."

ऋता वाटीकडे बघत राहिली. आधी तिला हसू आलं. मग ते चेहऱ्यावरच विरलं आणि ती तशीच मांडी घातलेली बसून राहिली, पाय खाली घ्यायचं विसरून.

"काका, मी प्रत्येक वेळी वा म्हटलं."

"हो ना. मला वाटलं, तुम्हाला तशीच हवीय. मीसुद्धा विचारलं नाही. दोघांचं मिळून झालं हे. आता तुम्हीच ठरवा. मी कुठे बोलणार नाही, आईशपथ."

ती सँडल घालून उठलीच. "कुठे चाललात?" बाळाभाऊ घाबरून म्हणाले. "नोकरी पक्की होऊ दे आधी, मग सांगा..."

"माझ्या हिंदीपायी तुमचे हात घालवू? येडे झालात काय काका!" ती रडवेली झाली होती आणि चिडलीही होती. "चला माझ्याबरोबर."

देवदत्त सरांनी दोघांचं ऐकून घेतलं. पालथीचा खुलासा ऐकताना त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "खरं असेल तर चांगलंच," ते म्हणाले, "पण नुसत्या शब्दावर निकाल फिरवता येत नाही." ऋता म्हणाली, शब्दावर कशाला? फाटलेल्या टिकल्या आत आहेतच. गोळीनं प्रत्येकीला टोपीसारखा फुगवटा आलाय. उताण्या असतील तर काळी बाजू टोपीच्या बाहेर दिसेल. पालथ्या असतील तर आत.

सगळे हॉट सेलकडे गेले. दांड्यांपाशी नितेश उभा होता. त्यानं बाळाभाऊंकडे बघितलं आणि बाजूला सरकला.

फाटलेली टिकली उचलणं हे अख्खी टिकली उचलण्यापेक्षा कठीण. कडा वेड्यावाकड्या, चिमटा घसरतो. बाळाभाऊंनी दांडे धरले. मागे सर, शेजारी ऋता, आणि सगळी खोली त्यांच्या मनगटांकडे बघतेय. पहिली टिकली त्यांनी पकडली, थोडी उचलली, आणि ती सुटून खाली पडली. झालं, खरंच गेले हात, असं बाळाभाऊंना वाटलं.

मग त्यांना ताट आठवलं. पेडव्याचा बारीक काटा डोळे ताणून कधी सापडलाय का? त्यांनी भिंगातून टक लावून बघणं सोडलं. चिमटा टिकलीच्या कडेला नुसता टेकवला, दांड्यातून ती कड हाताशी जाणवेपर्यंत थांबले, आणि मिटला. टिकली वर आली.

"ही कुठली?" सरांनी विचारलं.

ऋतानं आलेख बघितला. "भक्कम निघालेली."

बाळाभाऊंनी टिकली दिव्याकडे फिरवली. काळी बाजू टोपीच्या आत होती. पुढची, चटकन फाटलेली. काळी बाजू बाहेर. त्याच्या पुढची पुन्हा भक्कम, काळी आत. एकामागून एक टिकल्या वर येत गेल्या, दिव्याकडे वळत गेल्या आणि आपापल्या खाचेत परत गेल्या. एकही चुकार निघाली नाही. अर्ध्यावर आल्यावर नितेशनं मोजणं सोडून नुसतं बघायला सुरुवात केली होती.

"बाळा," सर म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुळसकर म्हणायचं ते विसरले. "चुकलं माझं. तुमच्या हातांना विचारायच्या आधी मी तुमच्या वयाला विचारलं. शेवटची टिकली तुम्हीच बसवा."

ऋता मशीनपाशी जाऊन बसली. शेवटची टिकली चिमट्यातून सुटली, गिरकी घेतली आणि बसली. बाळाभाऊंनी भिंगातून बघितलं. माइक चालू होता. घसा साफ करून ते म्हणाले, "मॅडम, पालथी बसली."

"उलटवा!" ऋता एवढ्यानं ओरडली की खोलीतले सगळे हसले. "काका, उलटवा, उलटवा!"

बाळाभाऊंनी उलटवली. ओरखडा पडला नाही. त्या टिकलीनं आपल्या उताण्या बहिणींचीच साक्ष दिली आणि आलेखावर त्यांच्यातच जाऊन बसली. नळी मनासारखी भक्कम निघाली नाही, पण खरी काय ती कळली. ऋताला लेखी समज मिळाली, पण नोकरी राहिली. पुढे टिकली बसली की ती माइकवर विचारायची, "कशी? वाटीसारखी?" आणि बाळाभाऊ सांगायचे, "वाटीसारखी."

त्या आठवड्यात प्रेमा पेडवे घेऊन आली. आईच्या ताटात भात वाढला, तर आई म्हणाली, "माका मासो नको गो." हल्ली ती जेवायला बसतानाच रिकामी वाटी ताटात पालथी घालून ठेवायची.

बाळाभाऊ आईच्या शेजारी मांडी घालून बसले, पेडवा घेतला, पोट उकललं, शेपटीकडून फणी उचलली. मग बोटं फिरवत बसले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मासा आईच्या भातावर ठेवला आणि आपल्या ताटाकडे वळले.

आईनं बोटांनी मासा चाचपला. एक घास घेतला. चावता चावता थांबली, आणि तिनं डोळे मिटले. दुसरा घास, तिसरा. मग तिचा डावा हात पालथ्या वाटीकडे गेला. बाळाभाऊंचा घास हातातच राहिला.

आईनं वाटी उचलून उताणी केली. खाली काही नव्हतं. ती वाटी तिनं प्रेमापुढे सरकवली.

"सार घाल हेच्यात," ती म्हणाली. "आणि आणखी पेडवे आसत तर ते बाळाकडे दी."